घरातलं जुनंपानं : माळ्यावरच्या चिमण्या



गेल्या खेपेला आपण पितळी डब्यांच्या कल्हईबद्दल बोललो होतो. त्यानंतर बरीच पत्रं आली, पण बार्शीच्या एका भगिनीचं पत्र काही वेगळंच होतं. त्या लिहितात, "माळा आवरताना चिनी मातीच्या सहा-सात जड, पांढऱ्या वस्तू सापडल्या. उपड्या ठेवल्या तर घंटेसारख्या दिसतात, आत पेच आहेत. मिस्टर म्हणतात भंगारात दे, मुलगा म्हणतो अँटिक आहेत, विकू या. मला वाटतं, लोणच्यावर दडपण म्हणून बऱ्या पडतील. तुमचं काय म्हणणं?"

पत्र वाचलं आणि मला हसूच फुटलं, कारण अगदी हाच वाद दोन वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरच्या घरात झाला होता. आमच्याकडे एक सोडून सात होत्या, आणि वादात मिस्टरांच्या जागी भाऊजी होते एवढाच फरक. तेव्हा या वस्तू ओळखायच्या कशा, त्यांचं वय काढायचं कसं, आणि शेवटी त्यांचं करायचं काय, हे आज सविस्तर सांगते.

आधी नाव. इंग्रजीत याला इन्सुलेटर म्हणतात. आपले वायरमन आणि लाइनमन मात्र सरळ 'चिमणी' म्हणतात. "पोलवरची चिमणी फुटलीय" असं तुम्ही ऐकलं असेलच. आता सोलापुरात चिमणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गिरण्यांच्या चिमण्या येतात, नाहीतर २०२३ च्या जूनमध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी! पण ही चिमणी मुठीत मावणारी. तार खांबाला टेकू नये, तारेतला प्रवाह खांबातून जमिनीत उतरू नये, म्हणून मधे बसवलेला हा चिनी मातीचा तुकडा. पहिला पाऊस आला की लाइट जाते ना? त्याचं एक कारण हीच चिमणी. उन्हात तापलेली असते, वरून गार पाणी पडलं की तडकते, आणि मग वीज खांबात उतरते. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर होतं तसंच.

आमच्या घरची गोष्ट अशी. माझे सासरे रेल्वेत तारेच्या खात्यात लाइनमन होते. रुळांच्या कडेने खांबांवरून ज्या तारा जायच्या, त्यांची देखभाल हे त्यांचं काम. ते गेल्यावर काही वर्षांनी आम्ही जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये यायचं ठरवलं. माळ्यावरून एक लाकडी खोकं खाली आलं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात चिमण्या. सहा पांढऱ्या आणि एक तपकिरी.

भाऊजी एकदम खूश. म्हणाले, "वहिनी, सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. म्हणजे या इंग्रजांच्या काळातल्या, दीडशे वर्षांच्या जुन्या! एक गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीचं. तपकिरी राहू दे, ती काही चांगली दिसत नाही, ती भंगारात टाक."

सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी मात्र म्हटलं, भाऊजी, विकायच्या तर विका, पण दीडशे वर्षं म्हणून सांगायच्या आधी खरं वय तर बघू. खोटं सांगून घेतलेले पैसे घरात टिकत नाहीत. आणि मग मी कामाला लागले. तेव्हा जे शिकले ते आता तुम्हाला सांगते.

पहिली पायरी : ही कुठल्या कामाची?

वयाच्या आधी जात ओळखा. आकारावरून हे सहज कळतं.

टेलिग्राफ-टेलिफोनची चिमणी बहुधा पांढरी, घंटेच्या आकाराची. उलटी करून बघा. आत आणखी एक घंटा दिसेल, वाटीत वाटी ठेवल्यासारखी. याला कारण आहे. पावसात बाहेरची वाटी भिजली तरी आतली कोरडी राहते, आणि कोरड्या चिनी मातीवरून प्रवाह सरकत नाही. वरच्या बाजूला गळ्याभोवती खाच असते, तिथे तार बांधायची.

विजेच्या तारेची पिन-चिमणी जास्त जाड, बहुधा तपकिरी, आणि तिला घेरदार परकराला झालरी असाव्यात तशा कडा असतात. ती जितकी मोठी आणि झालरी जितक्या जास्त, तितका तारेचा दाब मोठा.

थाळीसारखी असेल तर ती डिस्क. मोठ्या मनोऱ्यांवर माळ ओवल्यासारख्या लोंबतात त्याच. १३२ हजार व्होल्टच्या तारेला अशा साधारण नऊ-दहा थाळ्यांची माळ लागते.

दोऱ्याच्या रिळासारखी, मधे आरपार भोक असलेली असेल तर ती शॅकल. खांबावरून घराकडे येणाऱ्या तारेला ही लावायचे. खांबाच्या ताणाच्या तारेत अंड्यासारखी असते, तिला अंडंच म्हणतात.

आणि हो, तुमच्या जुन्या घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग असेल तर किटकॅट फ्यूज, तारा धरणाऱ्या चिनी मातीच्या चिमट्या, छताचे गोल गट्टू हेही याच घराण्यातले. ते फेकण्याआधी पुढच्या पायऱ्या त्यांनाही लावून बघा. मात्र भिंतीवरून स्वतः काढू नका. वायरमनला बोलवा, मेन स्विच बंद करून त्यालाच काढू द्या.

दुसरी पायरी : शिक्का शोधा

वय सांगतो तो शिक्का. तो डोक्यावर असेल, कुशीवर असेल, घंटेच्या आतल्या बाजूला असेल, नाहीतर भोकाशेजारी. वर्षानुवर्षांची धूळ आणि इंजिनांचा धूर बसलेला असतो, त्यामुळे आधी कोमट पाणी, थोडा धुण्याचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश घेऊन हलक्या हाताने धुवा. उकळतं पाणी नको. केसाएवढा तडा असेल तर तो मोठा होतो.

धुऊन पुसल्यावर खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा उजेड आडवा पाडा. दाबून उमटवलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. तरीही वाचता आली नाहीत तर पातळ कागद त्यावर धरून शिसपेन्सिल आडवी घासा. मुलं नाण्याचा ठसा कागदावर घेतात ना, तसंच. हा ठसा वहीत जपून ठेवा.

शिक्के दोन तऱ्हेचे. एक, माती ओली असताना दाबलेला, वरून झिलई चढलेली. दुसरा, शाईने छापलेला. छापलेला शिक्का झिलईच्या खाली असेल तर तो भट्टीतून आलेला, म्हणजे खरा. नखाने खरवडून निघत असेल तर तो मागाहून कोणी मारलेला, त्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरी पायरी : शिक्क्यावरून वर्ष

इथे थोडा इतिहास लागतो, पण आपल्याला माहीत असलेलाच.

इंग्लंडहून आलेल्या चिमण्यांवर बुलर्स, टेलर टनीक्लिफ, डोल्टन अशी कारखानदारांची नावं सापडतात. पुष्कळदा वर्षही असतं, कधी चार आकडी, कधी नुसते शेवटचे दोन आकडे. असं वर्ष मिळालं तर तुमचं काम झालंच. पण जपून! प्रत्येक दोन आकडी संख्या म्हणजे वर्ष नव्हे, तो साच्याचा नंबरही असू शकतो. एकाच खोक्यातल्या दोन-तीन वस्तूंवर तोच प्रकार दिसतो का ते ताडून बघा.

रेल्वेची अक्षरं असतील तर तीही बोलतात. जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. तिची मध्य रेल्वे झाली १९५१ साली. म्हणजे ती अक्षरं त्याआधीची. सोलापूरकरांसाठी आणखी एक गंमत आहे. आपला सोलापूर विभाग १९६६ पासून १९७७ पर्यंत दक्षिण मध्य रेल्वेत होता. घरात रेल्वेची कपबशी, कंदील, काहीही असेल आणि त्यावर दक्षिण मध्यची अक्षरं असतील, आणि वस्तू सोलापुरातच मिळालेली असेल, तर ती बहुधा त्या अकरा वर्षांतली.

पी अँड टी ही अक्षरं पोस्ट आणि तार खात्याची. १९८५ साली हे खातं दोन झालं, पोस्ट वेगळं आणि दूरसंचार वेगळं. म्हणून ती अक्षरं साधारण १९८५ च्या आधीची. तार तर २०१३ च्या जुलैत कायमचीच बंद झाली.

गावाचं नाव नीट वाचा. शिक्क्यावर इंग्रजीत बॉम्बे असेल तर बहुधा १९९५ च्या आधीची, मद्रास असेल तर १९९६ च्या, कलकत्ता असेल तर २००१ च्या. कलकत्त्याच्या बेंगॉल पॉटरीजचा माल आपल्याकडे पुष्कळ यायचा. बंगलोरचा सरकारी पोर्सिलीन कारखाना १९७६ मध्ये भेलकडे गेला, म्हणजे भेलचं नाव असेल तर चिमणी त्यानंतरची. 'ऑक्युपाइड जपान' असं काही फ्यूज-बटणांवर दिसलं तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं आणि १९५२ पर्यंतचं, कारण तेवढाच काळ जपान परक्यांच्या ताब्यात होता.

आता सगळ्यांत उपयोगी खूण, आय.एस.आय. हा शिक्का आपल्या देशात १९५५ पासून सुरू झाला. प्रेशर कुकरवर बघून घेतो तोच. तो दिसला की वस्तू इंग्रजांच्या काळातली नाही, हे शंभर टक्के नक्की. शेजारी मानकाचा नंबर आणि पुढे वर्ष असेल, उदाहरणार्थ आय.एस. ७३१-१९७१, तर वस्तू १९७१ किंवा त्यानंतरची. एक लक्षात ठेवा, ते वर्ष नियमाचं असतं, वस्तूचं नव्हे. नियम १९७१ चा असला तरी चिमणी १९८० सालीही झालेली असू शकते.

मापांवरही नजर टाका. आपल्याकडे मीटर-किलोचा कायदा १९५६ साली आला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तो सगळीकडे लागू झाला. इंच लिहिलेले असतील तर बहुधा जुनं, मिलिमीटर असतील तर नंतरचं.

चौथी पायरी : शिक्काच नसेल तर?

पुष्कळांवर काहीच नसतं. तेव्हा आतले पेच बघा. अगदी जुन्या टेलिग्राफ चिमण्या लोखंडी दांड्यावर सिमेंटने पक्क्या बसवलेल्या असत. फुटली की दांड्यासकट बदलायची. रुंद पेचांची, हाताने फिरवून बसवता येईल अशी चिमणी १८७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात निघाली. तेव्हा तुमच्या पांढऱ्या घंटेत पेच असतील तर ती १८६० ची असणार नाही.

रंगावर मात्र जाऊ नका. तपकिरी म्हणजे जुनी आणि पांढरी म्हणजे नवी, किंवा त्याच्या उलट, असा काही नियम नाही. तपकिरी रंग झिलईत लोखंड आणि मँगनीज मिसळल्याने येतो, तो हवा तेव्हा देता येतो. मळकटपणाही वय सांगत नाही. रुळांच्या कडेला दहा वर्षांतसुद्धा वस्तू काळी होते.

कडेचा टवका उडाला असेल तर त्या जागी शाईचा एक थेंब टाकून लगेच ओल्या फडक्याने पुसा. चांगल्या भाजणीची चिमणी आतून काचेसारखी घट्ट असते, शाई पुसली जाते. शाई आत मुरली तर माती कच्ची भाजलेली. ही माती म्हणजे केओलिन, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचं मिश्रण, साधारण तेराशे अंश सेल्सियसपर्यंत भाजलेलं. ही परीक्षा फुटक्या जागीच करायची हं, मुद्दाम टवका काढायचा नाही.

आमच्या सात चिमण्यांचं काय झालं?

दोन दिवस मी न्हाणीघरात ब्रश घेऊन बसले होते. सहा पांढऱ्यांपैकी तिघींवर बुलर्सचं नाव निघालं आणि खाली १९४१. दोघींवर नुसती अक्षरं, एकीवर काहीच नाही. पण सहाही पेचाच्या. म्हणजे दीडशे वर्षांच्या नव्हेत. तिघी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या. भाऊजींचा चेहरा थोडा उतरला, पण त्यांनी मानलं. माणूस खरा आहे तो.

खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठीही सापडली. १९८३ सालची. रेल्वेच्या भंगाराच्या लिलावात माल घेतलेल्या ठेकेदाराने लिहून दिलेली, "नग सहा, रोख मिळाले." ज्या चिमण्या सासऱ्यांनी उन्हापावसात खांबावर चढून सांभाळल्या, त्याच त्यांनी पदरचे पैसे देऊन विकत घेतल्या होत्या! चिठ्ठी वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला.

मग उरली तपकिरी. ती शॅकल होती, रिळासारखी. धुतल्यावर तिच्यावर स्वच्छ आय.एस.आय. दिसला. भाऊजी म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? ती कालपरवाची. टाका."

तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "टाकू नको गं ती. ती आपल्या घराची आहे."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आई, कसली?

"आपल्या भिंतीवर होती की. खांबावरनं तार यायची ती तिलाच बांधलेली. चौऱ्याहत्तर साली लाइट घेतली बघ. तोवर रॉकेलची चिमणी. ह्यांची रात्रपाळी असायची, तुझ्या नवऱ्याचा अभ्यास त्या चिमणीवर. काचा पुसून पुसून माझी बोटं काळी व्हायची. वायरमन आला, ही भिंतीवर ठोकली, आणि संध्याकाळी दिवा लागला. हे म्हणाले, एक चिमणी गेली आणि दुसरी आली. पुढं तार बदलली तेव्हा ह्यांनी ती काढून ठेवली. मला म्हणाले, ही टाकायची नाही."

भाऊजी गप्प झाले. रात्री त्यांनीच जुनी फाइल काढली आणि लाइटचं पहिलं बिल शोधलं. साल १९७४, सासूबाईंचा शब्द न् शब्द बरोबर. सातांत सगळ्यांत तरुण, बाजारात शून्य किमतीची म्हणून जी आम्ही टाकणार होतो, तिचं वर्ष आम्हाला सगळ्यांत पक्कं माहीत आहे, आणि तीच घरात सगळ्यांत मोलाची निघाली.

बाईसाहेब, शिक्का वर्ष सांगतो, पण गोष्ट घरातलं वडीलधारं माणूसच सांगतं. म्हणून माळा आवरायचा तो ती माणसं समोर बसलेली असताना. नंतर विचारायला कोणी नसतं.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं

लोणच्यावर दडपण म्हणून ठेवू का? नको. बैठकीची जागा बिनझिलईची असते, पेचाच्या जागी सिमेंट किंवा शिशाचा तुकडा असू शकतो. आंबटाशी त्याची गाठ घालू नये. कागद दाबायला, पुस्तकांना टेकू म्हणून किंवा दाराला अडणी म्हणून खुशाल वापरा.

भंगारात देऊ का? भंगारवाल्याला चिनी माती नको असते, कारण ती वितळत नाही. त्याला आतला लोखंडी दांडा हवा असतो, आणि तो काढायला चिमणी हातोडीने फोडतात. तुमच्या पदरात पडणार दांड्याचे चार पैसे. त्यापेक्षा शाळेच्या प्रयोगशाळेला द्या, मुलांना वीज शिकवायला उपयोगी पडेल.

विकू का? घेणारे आहेत. अमेरिकेत तर इन्सुलेटर जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाच आहे, १९७३ पासून. पण विकताना जे दिसतं तेवढंच सांगा. "पेचाची, शिक्का नाही, वर्ष माहीत नाही" असं म्हणण्यात काही कमीपणा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. हौस लागली म्हणून खांबावरची, रुळाशेजारची चिमणी कुणी काढायची नाही, पडलेलीही उचलून आणायची नाही. जिवाला धोका आहेच, शिवाय विजेच्या लाइनचं सामान काढणं हा २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे. रेल्वेचा माल जवळ का, याचा खुलासा देता आला नाही तर १९६६ च्या कायद्याखाली पकडतात. म्हणून आमच्यासारखी एखादी चिठ्ठी असेल तर ती वस्तूबरोबरच ठेवा. मुलांनाही हे बजावून सांगा.

वहीत प्रत्येक वस्तूसाठी पाच ओळी लिहा : आकार, शिक्क्याचा ठसा, अंदाजे वर्ष आणि ते कशावरून, घरात कोणी आणली, आणि तिच्याबद्दल घरात काय सांगतात. शेवटची ओळ आधी लिहा. बाकीच्या चार केव्हाही लिहिता येतात.

आमच्या पांढऱ्या सहापैकी तीन भाऊजींनी विकल्या, १९४१ च्या म्हणून, खरं सांगून. दोन शाळेत दिल्या. एक माझ्या टेबलावर बिलं दाबून बसलीय. आणि तपकिरी? ती सासूबाईंच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे. संध्याकाळी त्या दिवा लावतात, मग बटण दाबून लाइट लावतात, आणि जाता जाता फडक्याने तिच्यावरची धूळ पुसतात.

पुढच्या अंकात आपण लोणच्याच्या जुन्या बरण्यांबद्दल बोलू. झिलईला बारीक तडे गेलेली बरणी वापरावी की नाही, असं पुष्कळजणी विचारतात. तोवर तुमच्या माळ्यावर काय सापडलं ते जरूर कळवा.